मोर्सची लिपि, नवें यंत्र आणि आपला कान

सन २०१३ च्या जुलै महिन्याच्या १४ तारखेस रात्रीं आपल्या देशांतील तारकचेऱ्यांनीं शेवटच्या तारा घेतल्या, आणि सुमारें एकशें साठ वर्षें चाललेला एक व्यवहार कायमचा मिटला. मोर्सच्या लिपीचें कडकट्ट तर त्याच्याही पुष्कळ आधीं त्या कचेऱ्यांतून ऐकूं येईनासें झालें होतें. तेव्हां आजच्या शाळकरी मुलानें ही लिपि शिकावी असें कोणी म्हणूं लागल्यास पालकांच्या कपाळास आठी पडावी हें स्वाभाविक आहे. तिला परीक्षेंत गुण नाहींत, नोकरीच्या जाहिरातींत तिचें नांव नाहीं, आणि बोलणारा दूरध्वनि तर घरोघर प्रत्येकाच्या खिशांत आहे. मग टिंबें आणि रेघा घोकण्यांत मुलाची संध्याकाळ कां दवडावी? हा प्रश्न रास्त आहे, आणि त्यास तितकेंच सरळ उत्तर मिळालें पाहिजे.

त्याबरोबर दुसरीही एक गोष्ट सांगावयाची आहे. हौशी बिनतारीच्या, म्हणजे ज्यास सर्वत्र हॅम रेडिओ म्हणतात त्याच्या, क्षेत्रांत अलीकडे एक नवें यंत्र आलें आहे. त्याचें बहुतेक काम संगणकाच्या आज्ञावलीनें चालतें. या यंत्रानें मोर्स शिकणें सोपेंही होतें आणि बिघडतेंही. दोहोंपैकीं काय घडेल, हें तें यंत्र कसें लावलें आहे यावर अवलंबून असतें. आमचें मत थोडक्यांत असें आहे, कीं यंत्र कानासाठीं लावावें. कान यंत्रापाशीं गहाण टाकूं नये.

प्रथम लिपीविषयीं चार शब्द. सन १८४४ च्या मे महिन्याच्या २४ तारखेस सॅम्युएल मोर्सनें वॉशिंग्टनहून बाल्टिमोरास पहिला जाहीर संदेश पाठविला. आपल्या देशांत १८५१ सालीं कलकत्ता व डायमंड हार्बर यांमधील तार सुरू झाली आणि १८५५ सालीं ती सोय सर्व लोकांस खुली झाली. पुढें तार गेली व बिनतारी आली. १९०१ च्या डिसेंबरांत मार्कोनीनें अटलांटिक महासागरापलीकडून मोर्समधील तीन टिंबें ऐकलीं. वाहन बदललें, पण लिपि तीच राहिली. तिची सारी घडण कालमापनावर आहे. टिंब एका मापाचें, रेघ तीन मापांची. एका अक्षरांतील दोन खुणांमध्यें एक माप स्तब्धता, दोन अक्षरांमध्यें तीन मापें, दोन शब्दांमध्यें सात. वेग मोजण्यासाठीं ‘पॅरिस’ हा पन्नास मापांचा शब्द प्रमाण धरितात. त्या हिशोबानें मिनिटास ८ शब्द हा वेग असतां एक टिंब १५० मिलिसेकंदांचें, आणि २० शब्द हा वेग असतां ६० मिलिसेकंदांचें होतें. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. हे दोन आंकडे वाचकांनीं ध्यानांत ठेवावे, पुढें त्यांचें काम पडेल. तूर्त एवढेंच सांगावयाचें, कीं मोर्स ही कागदावर पाहून वाचण्याची लिपि नव्हे. ती कानानें ओळखावयाची लय आहे.

सन २००३ मध्यें जिनीव्हा येथें भरलेल्या जागतिक परिषदेनें हॅमच्या परवान्यासाठीं मोर्सची अट ठेवणें न ठेवणें ज्या त्या देशाच्या इच्छेवर सोडलें, आणि अमेरिकेनें २००७ सालीं ती अट समूळ काढून टाकिली. आपल्याकडे २००९ सालच्या सुधारलेल्या नियमांनीं परवान्याचे दोन वर्ग केले. मर्यादित वर्गास मोर्सची परीक्षा नाहीं. सर्वसाधारण वर्गास मिनिटास ८ शब्दांच्या वेगानें संदेश घेतां व पाठवितां आला पाहिजे. उमेदवाराचें वय किमान बारा वर्षांचें असावें असेंही त्या नियमांत ठरलें. म्हणजे आमच्या शाळेंतील बहुतेक विद्यार्थ्यांस हें दार उघडें आहे. सक्ती उठली म्हणजे विद्या निरुपयोगी झाली असें मात्र कोणी समजूं नये. कुस्ती हल्लीं कोणास सक्तीची नाहीं. तरी आपल्या गंगावेस तालमींतील लाल माती कोरडी पडलेली नाहीं.

आतां त्या नव्या यंत्राकडे वळूं. जुन्या रेडिओंत हवें तें केंद्र वेगळें काढण्याचें काम तारेचीं वेटोळीं, कंडेन्सर आणि स्फटिक करीत. नव्या यंत्रांत एरियलनें पकडलेल्या लहरींचें माप सेकंदास लक्षावधि वेळां घेतलें जातें. तीं मापें आंकड्यांच्या रूपानें संगणकांत जातात, आणि केंद्र निवडणें, खरखर गाळणें, आवाज काढणें हीं कामें गणितानें होतात. हॅम मंडळी त्यास एस. डी. आर. म्हणतात. त्याचा अगदीं साधा प्रकार अंगठ्याएवढा असतो व तो संगणकाच्या खांचेंत बसतो. एरव्हीं ज्यास मोठी पेटी लागली असती तें यंत्र गरीब विद्यार्थ्याच्याही आटोक्यांत यावें, ही मोठीच सोय आहे. परंतु यांत फिरविण्याच्या खुंट्यांऐवजीं पडद्यावर पन्नास आंकडे भरावयाचे असतात, आणि ते कोणीं कसे भरावे हें यंत्र सांगत नाहीं.

कोल्हापूरच्या वाचकांस ही गोष्ट गाण्याच्या उदाहरणानें सहज कळेल. ज्या नगरींत गायन समाज देवल क्लब १८८३ पासून नांदत आहे, व जेथें शाहू महाराजांच्या दरबारीं उस्ताद अल्लादिया खां गाइले, तेथें तंबोरा लावल्यावांचून गाण्यास बसूं नये हें कोणास शिकवावें लागत नाहीं. एस. डी. आर. हाही एक तंबोरा आहे, आणि मोर्ससाठीं त्याच्या पांच तारा विशेष काळजीनें लावाव्या लागतात.

पहिली तार सुराची. मोर्सचें केंद्र ऐकतांना यंत्रांतून एक स्थिर सूर निघतो. तो किती उंच असावा हें आपणांस ठरवितां येतें. पुष्कळांच्या कानास ६०० ते ७०० हर्ट्झचा सूर मानवतो, कांहींस त्याहून खालचा बरा वाटतो. आपण कळ दाबली असतां आपलाच ठोका ज्या सुरांत ऐकूं येतो, त्यास साइडटोन म्हणतात. हे दोन सूर एकच ठेवावे, आणि समोरच्याचा सूर आपल्या सुरांत मिसळेपर्यंत यंत्र फिरवावें. तंबोऱ्याच्या दोन तारा जुळल्या कीं त्यांच्यांतील हेलकावा नाहींसा होतो. येथेंही तसेंच होतें, आणि आपण नेमके त्याच्याच लहरीवर आलों हें कळतें. स्वस्त यंत्रांतील स्फटिकांत मात्र थोडी चूक असते. दहा लाखांत तीस एवढीच चूक धरिली, तरी ७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर ती २१० हर्ट्झ होते, आणि पडद्यावरील आंकडा पाहून शोधणाऱ्यास केंद्र सांपडत नाहीं. म्हणून यंत्र कांहीं वेळ तापूं द्यावें, ज्याची लहर निश्चित ठाऊक आहे अशा केंद्राशीं तें ताडून पाहावें, आणि मग दुरुस्तीचा आंकडा भरावा.

दुसरी तार विलंबाची, आणि मोर्स बिघडविण्यांत हीच सर्वांत पुढें असते. संगणक आलेला प्रत्येक आंकडा सुटा हाताळीत नाहीं. तो आंकड्यांचे गठ्ठे बांधतो. सेकंदास ४८,००० आंकडे येत असतां २,०४८ आंकड्यांचा गठ्ठा भरावयास सुमारें ४३ मिलिसेकंद लागतात, आणि ५१२ आंकड्यांचा सुमारें ११ मिलिसेकंदांत भरतो. असे तीन मोठे गठ्ठे वाटेंत एकामागून एक आले, तर विलंबाची बेरीज सव्वाशेंच्या वर जाते. मिनिटास २० शब्दांच्या वेगांत टिंब अवघें ६० मिलिसेकंदांचें. म्हणजे पहिल्या टिंबाचा आवाज कानीं पडतो तेव्हां हात दुसऱ्या टिंबावर गेलेला असतो. तबलजीस आपलीच थाप उशिरां ऐकूं येऊं लागली तर त्याचा हात जसा अडखळेल, तसा येथें अडखळतो. आणि नवशिक्या मुलास वाटतें, कीं आपल्या हातांतच ही कला नाहीं. कित्येकांनीं मोर्स सोडून दिलें तें केवळ या एका गैरसमजामुळें, असें आम्हांस वाटतें. उपाय दोन आहेत. गठ्ठा लहान करीत जावें, आवाज तुटूं लागला कीं एक पायरी मागें यावें. आणि त्याहून महत्त्वाचें हें, कीं स्वतःच्या ठोक्याचा आवाज संगणकाचा वळसा घालून येऊं न देतां कळीस जोडलेल्या छोट्या यंत्रांतूनच तत्क्षणीं काढावा.

तिसरी तार गाळणीची. बोलण्याच्या आवाजास सुमारें २,५०० हर्ट्झ रुंदीचा पट्टा लागतो. मोर्सचें काम दीडशें हर्ट्झच्या आंत भागतें. पट्टा २,५०० वरून २५० वर आणिला तर आंत येणारी खरखर दहावा हिस्सा उरते, आणि बुडालेलें केंद्र वर येतें. हें पाहून नवशिका गाळणी आवळीतच जातो. पण निसर्गाचा एक नियम येथें आडवा येतो: गाळणी जितकी अरुंद, तितका तिला आवाज धरावयास आणि सोडावयास वेळ अधिक. ५० हर्ट्झच्या गाळणीस सुमारें २० मिलिसेकंद तरी लागतात. मग टिंबांच्या कडा एकमेकींत मिसळतात आणि घंटेसारखा घणघणाट ऐकूं येतो. आरंभीं ५०० हर्ट्झ ठेवावें, गर्दी असेल तर २५० वर यावें, आणि त्याखालीं जातांना विचार करावा.

चौथी तार आवाज आपोआप सांभाळणाऱ्या योजनेची. जोरदार केंद्र आलें कीं ती आवाज दाबते, दुबळें आलें कीं वाढविते. ही योजना फार मंद ठेविली, तर एका मोठ्या ठोक्यानंतर यंत्र क्षणभर बहिरें होतें आणि शेजारचें क्षीण उत्तर निसटतें. फार चपळ ठेविली, तर प्रत्येक टिंबाच्या मागोमाग खरखर उसळून येते. मोर्ससाठीं ती चपळच हवी, पण एकंदर संवेदनशीलता इतकी उतरवावी, कीं स्तब्धता कानास स्तब्धता वाटेल. पुष्कळदां खरा गुन्हेगार बाहेरच असतो: स्वस्त दिवा किंवा संगणकाचा चार्जर. एकदां चार्जर काढून केवळ बॅटरीवर यंत्र चालवून पाहावें; निम्मी खरखर तेथेंच सांपडण्याचा संभव असतो.

पांचवी तार शेजारधर्माची. कळ दाबतांच लहर एकदम पूर्ण जोरानें सुरू झाली, तर तिच्या धक्क्यानें आजूबाजूच्या केंद्रांवर टकटक ऐकूं जाते. यासाठीं प्रत्येक ठोक्याची कड सुमारें ५ मिलिसेकंदांत हळूवार चढावी व उतरावी अशी योजना करितात. याहून फार तीक्ष्ण केली तर शेजाऱ्यास त्रास. फार बोथट केली तर आपलींच अक्षरें गुळगुळीत होतात. आकाश सर्वांचें आहे, आणि तेथील शिष्टाचार हा असा एका सेकंदाच्या दोनशेंव्या भागांत पाळावा लागतो!

वाचकांच्या ध्यानांत आलें असेल, कीं या पांचांपैकीं एकाचाही ‘सर्वांत उत्तम’ असा आंकडा नाहीं. खरखर कमी करावी तर कड हरवते, विलंब कमी करावा तर आवाज तुटतो. प्रत्येक लाभास किंमत आहे, आणि ती कितपत द्यावी हें ठरविणारा न्यायाधीश एकच, तो म्हणजे शिकलेला कान. ज्यास लय ओळखतां येत नाहीं तो कोणत्या आधारानें यंत्र लावणार? म्हणूनच कानाचें शिक्षण आधीं, यंत्राचें नंतर, असा आमचा आग्रह आहे.

यावर एक आक्षेप असा येतो, कीं संगणक जर स्वतःच मोर्स वाचून पडद्यावर अक्षरें उमटवितो, तर कान शिणवावा कशाला? शिवाय २०१७ सालीं निघालेली एफ. टी. ८ नांवाची पद्धति तर मनुष्याच्या कानास मुळींच ऐकूं न येणारे क्षीण संकेतही उलगडते. यांतील दुसरी गोष्ट पूर्णपणें खरी आहे व ती आम्हीं मोकळेपणानें मान्य करितों. पण त्या पद्धतीस दोन्ही टोकांस संगणक हवा, घड्याळें सेकंदाच्या मेळानें लावलेलीं हवींत, आणि संदेश ठराविक सांच्यांत बसणारा हवा. मोर्स वाचणारी आज्ञावलि यंत्रानें ठोकलेला स्वच्छ संदेश झटकन वाचते. परंतु थकलेल्या हाताचा, मध्येंच मंदावणारा, दुसऱ्या केंद्रांत गुंतलेला संदेश आला कीं ती निरर्थक अक्षरांची रांग ओकूं लागते. आणि आणीबाणींतील संदेश बहुधा अशाच हाताचे असतात.

येथें आपल्या जिल्ह्याची गोष्ट आल्यावांचून राहत नाहीं. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशाऱ्याची पातळी ३९ फूट व धोक्याची ४३ फूट आहे. सन २०१९ च्या ऑगस्टांत आणि पुन्हां २०२१ च्या जुलैंत पाणी ५५ फुटांच्या पलीकडे गेलें. शिरोलीजवळ पुणें-बंगळूर महामार्ग बुडाला, प्रयाग चिखली आणि आंबेवाडी येथील कुटुंबांस घरें सोडावीं लागलीं, शिरोळ तालुक्यांतील गांवें पाण्यानें वेढलीं गेलीं. वीज जाते, दूरध्वनीच्या मनोऱ्यांच्या बॅटऱ्या संपतात, आणि खिशांतील तें सर्वज्ञ यंत्र एकाएकीं मुकें होतें. हा अनुभव आमच्या वाचकांपैकीं अनेक घरांस नवा नाहीं. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ रोजीं झाला, तेव्हां हॅम मंडळी आपलीं यंत्रें घेऊन लातूरकडे धांवलीं होतीं. सन २००४ च्या डिसेंबरांत भारती प्रसाद व त्यांचे सहकारी हॅमच्या कामासाठीं अंदमानांत पोर्ट ब्लेअर येथें होते. २६ तारखेस समुद्र चालून आला, आणि त्यांचें तें हौसेचें केंद्र बेटावरील लोकांची खबर मुख्य भूमीवर पोंचविण्याच्या कामीं आलें. हौस म्हणून जें जोपासलें तें प्रसंगीं कर्तव्य झालें.

अशा वेळीं बहुतेक संदेश बोलूनच पाठवितात, हें आम्ही लपवूं इच्छित नाहीं. पण जेव्हां बॅटरी उतरत येते, एरियल म्हणजे झाडास बांधलेली एक तार उरते, आणि बोलणें खरखरींत बुडतें, तेव्हांही अरुंद पट्ट्यांतील मोर्सचा बारीक ठोका थोड्याशा शक्तीवर पलीकडे पोंचतो. मूठभर सुट्या भागांतून त्याचें प्रक्षेपक बनवितां येतें. शेवटच्या आधारास जपणें यास कोणी व्यर्थ काळक्षेप म्हणेल असें वाटत नाहीं.

आणि आधाराची गोष्ट बाजूस ठेविली, तरी ज्ञानाची आहेच. आपल्या शिवाजी विद्यापीठाच्या आवारांत भारतीय भूचुंबकत्व संस्थेनें १.९८ मेगाहर्ट्झच्या लहरी आकाशांत सोडणारें रडार बसवून साठ किलोमीटरांच्या वरील हवेचे प्रवाह अभ्यासिले. ज्या मुलानें रात्रीं दूरचें केंद्र उजळतांना आणि पहाटे विझतांना स्वतः ऐकलें आहे, त्यास त्या संशोधनाचा अर्थ पुस्तकावांचून उमगेल. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनीं बांधलेला ‘स्वयम्’ हा सुमारें एक किलो वजनाचा उपग्रह २२ जून २०१६ रोजीं आकाशांत गेला. आपली ओळख पृथ्वीस कळविण्यासाठीं त्या मुलांनीं त्यास मोर्सचीच भाषा शिकविली होती. मृत म्हणून सोडलेली लिपि अशी विद्यार्थ्यांच्याच हातून अंतराळांत गेली.

आतां आमच्या सूचना. विद्यार्थ्यांनीं प्रथम पडद्यावरील वाचनाची सोय बंद ठेवून दररोज पंधरा मिनिटें केवळ ऐकावें. अक्षरें टिंबें मोजीत शिकूं नयेत. प्रत्येक अक्षर १८ ते २० शब्दांच्या चालीनें वाजवावें आणि दोन अक्षरांमधील स्तब्धता वाढवावी, म्हणजे अक्षराचा नाद एकसंध मनांत बसतो. दोन अक्षरांपासून आरंभ करावा, तीं पक्कीं झालीं कीं तिसरें घ्यावें. परवाना मिळेपर्यंत प्रक्षेपणाची कळ दाबूं नये. आकाशांतील नियम हे रस्त्यावरील नियमांइतकेच बंधनकारक आहेत. पालकांनीं महागडें यंत्र घेण्याची घाई करूं नये. एक साधी कळ, एक लहान यंत्र आणि गच्चीवर ताणलेली तार एवढ्यावर वर्षभराचें शिक्षण होतें. आणि शाळांनीं आपल्या विज्ञानशाळेंत एक कोपरा या कामास द्यावा, जेथें मुलें यंत्राचा एकेक आंकडा बदलून ‘काय मिळालें आणि काय गमावलें’ हें वहींत लिहून ठेवतील. ती वही कोणत्याही पाठ्यपुस्तकास मागें टाकील, अशी आमची खात्री आहे.

पुढचा पावसाळा केव्हां आणि किती येईल हें कोणीं सांगावें? नदीची पातळी मोजणारे आहेतच. तिच्या पलीकडील हांक ऐकणारे चार कान आपल्या शाळांतून तयार व्हावे, एवढीच आमची पालकांस व विद्यार्थ्यांस कळकळीची विनंति आहे.